सेसार मिलस्टाइन : एका रेणूच्या अचूक ओळखीसाठी

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाल्यानंतर पॅथॉलॉजीचा जो सविस्तर अहवाल रुग्णाच्या हाती पडतो, त्यात 'ईआर' ही दोन अक्षरे असतात आणि त्यांच्यापुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह असा शेरा असतो. मुंबई-पुण्यातील अनेक कुटुंबांना ही अक्षरे आता परकी राहिलेली नाहीत. इस्ट्रोजेन या संप्रेरकाला धरून ठेवणारा ग्राही रेणू, म्हणजेच रिसेप्टर, गाठीतल्या पेशींच्या केंद्रकात आहे की नाही, एवढेच ती सांगतात. संप्रेरकाचा मार्ग रोखणाऱ्या गोळ्यांचा त्या स्त्रीला उपयोग होईल की नाही, हा निर्णय मात्र त्या शेऱ्यावर अवलंबून असतो. ही तपासणी दिसायला साधी आहे. गाठीचा पातळ काप काचपट्टीवर घेतात, त्यावर एका विशिष्ट प्रतिपिंडाचे द्रावण सोडतात आणि नंतर रंगक्रिया करतात. ग्राही असेल तेथे केंद्रके तपकिरी दिसू लागतात.

पेशीतल्या हजारो प्रथिनांमधून नेमके हेच एक प्रथिन शोधून त्याला चिकटणारा हा प्रतिपिंड म्हणजे मोनोक्लोनल अँटिबॉडी. तो तयार करण्याची रीत ज्यांच्या प्रयोगशाळेत जन्मली, त्या सेसार मिलस्टाइन यांना कर्करोगाची चाचणी शोधायची नव्हती, औषध तर नव्हतेच. त्यांना वेगळ्याच एका कोड्याचे उत्तर हवे होते.

मिलस्टाइन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२७ रोजी अर्जेंटिनातील बाहिया ब्लांका या बंदराच्या गावी झाला. वडील ज्यू स्थलांतरित. वयाच्या पंधराव्या वर्षापासून स्वतःच्या पायावर उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर आली होती. आई शिक्षिका, तीही एका गरीब स्थलांतरित घरातली. तिन्ही मुलांनी विद्यापीठाचे शिक्षण घ्यायचेच, हा या दांपत्याचा निश्चय होता आणि त्यासाठी वाटेल ती झीज सोसण्याची त्यांची तयारी होती. सेसार हा मधला मुलगा. पॉल द क्रुइफ यांचे सूक्ष्मजीवांच्या संशोधकांवरील गाजलेले पुस्तक लहानपणी हाती पडले आणि विज्ञानाची ओढ लागली. बुएनोस आइरेस विद्यापीठात रसायनशास्त्र शिकताना मात्र ते फार चमकले नाहीत. त्यांचा बराचसा वेळ विद्यार्थी संघटनेच्या राजकारणात जाई. त्याच धामधुमीत सेलिया ही सहाध्यायिनी भेटली आणि पुढे आयुष्यभराची सोबतीण झाली. लग्नानंतर या जोडप्याने चक्क एक वर्ष सुट्टी काढली, युरोपातले बहुतेक देश रस्त्यात मिळेल त्या वाहनातून पालथे घातले आणि मधले दोन महिने इस्रायलमधल्या किब्बुत्झवर काम केले. एवढी उनाडकी करून परतल्यावरच ते डॉक्टरेटच्या मागे गंभीरपणे लागले. प्राध्यापक स्टोपानी यांच्या मार्गदर्शनाखाली चाललेल्या या कामाला शिष्यवृत्ती नव्हती. पतिपत्नी दोघेही रोगनिदान प्रयोगशाळांत अर्धवेळ नोकरी करून घर चालवीत. १९५७ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि ब्रिटिश कौन्सिलच्या शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजला आले. तेथे फ्रेडरिक सँगर यांच्याशी त्यांचे संबंध जुळले. प्रथिनातील अमिनो आम्लांचा क्रम उलगडल्याबद्दल नोबेल मिळवलेले हेच ते सँगर. केंब्रिजचीही डॉक्टरेट १९६० मध्ये पदरात पडली.

इथवरची हकीकत त्या काळातल्या अनेक हुशार तरुणांसारखीच आहे. पुढचा टप्पा तसा नाही. मिलस्टाइन १९६१ मध्ये मायदेशी परतले. बुएनोस आइरेसच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीवशास्त्र संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा नवा विभाग उभारण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि त्यांनी ते उत्साहाने हाती घेतले. मार्च १९६२ मध्ये लष्कराने अध्यक्ष फ्रोंदिसी यांची सत्ता उलथवली. उदारमतवादी विचारवंत आणि शास्त्रज्ञ यांच्यावर सरकारची वक्रदृष्टी वळली. संस्थेचे संचालक इग्नासिओ पिरोस्की यांच्यामागे ससेमिरा लागला, मिलस्टाइन यांच्या विभागातील माणसांना काढून टाकण्यात आले. मिलस्टाइन यांनी राजीनामा दिला आणि १९६३ मध्ये ते पुन्हा केंब्रिजला गेले, ते कायमचेच. अर्जेंटिनाने एक संशोधक गमावला, पण आपल्या हाताने गमावला. पुढे जेव्हा नोबेल मिळाले, तेव्हा अर्जेंटिना आणि ब्रिटन या दोन्ही देशांनी त्यांना आपले म्हटले.

केंब्रिजमध्ये तेव्हा मेडिकल रिसर्च कौन्सिलची रेणवीय जीवशास्त्राची प्रयोगशाळा नुकतीच सुरू झाली होती. सँगर तेथे प्रथिनरसायन विभागाचे प्रमुख होते. विकरांचे काम बाजूला ठेवून प्रतिपिंडांकडे वळा, असे त्यांनी सुचवले. त्या सूचनेने मिलस्टाइन यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

प्रतिपिंड ही शरीराची संरक्षक प्रथिने. बाहेरून आलेल्या प्रत्येक नव्या रेणूला नेमका बसेल असा प्रतिपिंड शरीर तयार करते. अगदी प्रयोगशाळेत काल-परवा जन्मलेल्या, निसर्गात कधी नसलेल्या रेणूलाही. प्रत्येकासाठी वेगळे जनुक बाळगायचे तर तेवढी जनुके येणार कोठून? हे ते कोडे. १९६६ मध्ये सिडनी ब्रेनर आणि मिलस्टाइन यांनी एक धाडसी कल्पना मांडली. प्रतिपिंडाच्या जनुकाचा ठरावीक भाग एखादे विकर तोडत असावे आणि तो दुरुस्त करताना मुद्दाम चुका होत असाव्यात, त्या चुकांतूनच विविधता येत असावी, अशी ती कल्पना होती. सिद्ध करायला पुरावा नव्हता. तो मिळवण्यात पुढची ३५ वर्षे गेली. वाटेत इतर मोलाचे शोध लागलेच. पेशीबाहेर जाणारे प्रथिन सुरुवातीला एक जादा शेपूट घेऊन जन्मते, ही १९७२ मधली त्यांच्या गटाची नोंद एखाद्याच्या नावावर कायमची लागावी इतकी महत्त्वाची होती. पण मूळ कोडे काही सुटेना.

अडचण साधनाची होती. प्रतिपिंडाच्या जनुकात बदल होतो का हे पाहायचे, तर एकाच प्रकारचा प्रतिपिंड सतत तयार करणाऱ्या पेशी परीक्षानळीत वर्षानुवर्षे वाढवता यायला हव्यात, आणि तो प्रतिपिंड कशाला चिकटतो हेही माहीत हवे. मायलोमा या कर्करोगाच्या पेशी अमर होत्या, प्रतिपिंडही बनवत होत्या, परंतु तो कशाविरुद्ध आहे याचा पत्ता नसे. उलट लस टोचलेल्या उंदराच्या प्लीहेतील पेशी हव्या त्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंड बनवत, पण शरीराबाहेर काही दिवसांतच मरून जात.

१९७३ मध्ये मिलस्टाइन यांनी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे व्याख्यान दिले. मायलोमाच्या दोन पेशींचे मीलन घडवण्याच्या प्रयोगांविषयी ते बोलले. श्रोत्यांत जॉर्ज कोहलर हा जर्मन तरुण होता. पुढच्याच वर्षी तो केंब्रिजला मिलस्टाइन यांच्याकडे दाखल झाला. दोघांच्या चर्चेतून युक्ती निघाली : एक पेशी अमर आणि दुसरी जाणती, तर या दोघींचेच मीलन का घडवू नये? मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी उंदराला टोचून त्याच्या प्लीहेतील पेशी काढल्या. निष्प्रभ केलेल्या सेंदाई विषाणूच्या साह्याने त्या मायलोमाच्या पेशींशी जोडल्या. न जुळलेल्या पेशी वगळण्याची सोयही चतुराईची होती. वापरलेल्या मायलोमा पेशींत एका विकराची उणीव होती. त्यामुळे विशिष्ट औषध मिसळलेल्या पोषकद्रवात त्या मरत. प्लीहेच्या पेशी तर आपणहून मरतच. जगत असत त्या केवळ संकरित पेशी. त्यांना उणे असलेले विकर एका बाजूने मिळे आणि अमरत्व दुसऱ्या बाजूने.

१९७४-७५ च्या हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी कोहलर पत्नीला सोबत घेऊन तळघरातील प्रयोगशाळेत गेला. बशा तपासण्याचे काम कंटाळवाणे आणि निकाल बहुधा नकारात्मक, म्हणून सोबत हवी होती. प्रत्यक्षात बशांवर जागोजागी स्वच्छ वलये उमटलेली दिसली. प्रत्येक वलयाच्या मध्ये मेंढीच्या रक्तपेशी फोडणारा प्रतिपिंड स्रवणारी एक पेशी होती. कोहलरने आनंदाने पत्नीचे चुंबन घेतले. ही वलये पाहण्याची पद्धत बाझलच्याच संस्थेचे संचालक नील्स येर्ने यांनी विकसित केली होती. पुढे नोबेल मिळाले ते या तिघांना मिळून.

अशी एक संकरित पेशी वेगळी काढून वाढवली की तिची सारी प्रजा एकच प्रतिपिंड बनवते. एका पेशीचा एक वंश, म्हणून मोनोक्लोनल. या संकरित वंशाला हायब्रिडोमा हे नाव दिले ते मिलस्टाइन यांच्याकडे काही काळ कामाला आलेल्या लिओनार्ड हर्झनबर्ग यांनी. ७ ऑगस्ट १९७५ च्या 'नेचर'मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला, तोही मुख्य लेख म्हणून नव्हे, तर तीन पानांच्या छोट्या टिपणाच्या रूपात. वैद्यक आणि उद्योग यांना अशा पेशींचा उपयोग होऊ शकेल, एवढे एकच वाक्य शेवटी जोडलेले होते. त्यानंतर काही महिने तर प्रयोग पुन्हा जमेचना! यश फसवे होते की काय, अशी शंका येऊ लागली. अखेर जोव्हान्नी गालफ्रे या सहकाऱ्याने दोष हुडकून काढला. पेशी निवडण्याच्या द्रावणाचा एक साठाच विषारी झाला होता. पाककृती बिनचूक, पण मीठच खराब, असा तो प्रकार होता.

पेटंटची कथा ब्रिटनमध्ये पुढे कित्येक वर्षे चघळली गेली. मिलस्टाइन यांनी प्रसिद्धीपूर्वीच मेडिकल रिसर्च कौन्सिलला या कामाची कल्पना दिली होती. शोधांचे व्यापारी हक्क पाहणाऱ्या सरकारी महामंडळाचे उत्तर आले ते थेट ऑक्टोबर १९७६ मध्ये, आणि त्यात लगेच व्यवहारात उपयोगी पडेल असे काही दिसत नसल्याचे कळवले होते. टिपण केव्हाच छापून झाले होते, त्यामुळे पेटंटची वेळ तशीही टळली होती. मिलस्टाइन मागेल त्याला आपल्या मायलोमा पेशी पाठवत, फक्त त्यातून निघणाऱ्या गोष्टींचे पेटंट घेऊ नये अशी अपेक्षा ठेवत. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेतील हिलरी कोप्रोव्स्की यांच्या गटालाही त्या मिळाल्या होत्या. त्या गटाने गाठी आणि विषाणूंविरुद्धच्या मोनोक्लोनल प्रतिपिंडांवर १९७९ आणि १९८० मध्ये अमेरिकी पेटंटे मिळवली. त्यावरून लंडनमध्ये बराच गहजब झाला. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना तर ही गोष्ट फारच लागली. मिलस्टाइन यांना यातून एक पैचाही लाभ झाला नाही. ब्रिटनच्या तिजोरीचे नुकसान झाले हे खरेच, पण ज्या वेगाने ही पद्धत जगभर पसरली तो वेग परवान्यांच्या कचेऱ्यांतून वाट काढीत जाणाऱ्या तंत्राला लाभला असता, असे वाटत नाही.

ही पद्धत कुठवर पोचली हे पाहायचे, तर शिकागोला जायला हवे. तेथील विद्यापीठात एलवूड जेन्सन हे रसायनशास्त्रज्ञ १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून इस्ट्रोजेनचा माग काढत होते. किरणोत्सारी हायड्रोजनची खूण जोडलेले इस्ट्रोजेन त्यांनी उंदरांना दिले. ते गर्भाशयासारख्या ठरावीक अवयवांतच साठून राहते, असे दिसले. म्हणजे त्या अवयवांत त्याला धरून ठेवणारे काहीतरी आहे. तोच इस्ट्रोजेनचा ग्राही. त्या काळी स्तनाचा कर्करोग पसरलेल्या स्त्रियांच्या अंडाशय वा अधिवृक्क ग्रंथी काढून टाकत. या जीवघेण्या शस्त्रक्रियेचा उपयोग साधारण तिघींमागे एकीला होई, आणि ती एक कोण हे आधी कळायला मार्ग नसे. ज्यांच्या गाठीत ग्राही भरपूर आहेत, त्यांनाच तो होण्याचा संभव आहे, हे जेन्सन यांनी दाखवून दिले. बाकीच्या दोघींची निष्फळ शस्त्रक्रियेतून सुटका करणारे हे ज्ञान होते.

परंतु चाचणी अवजड होती. गाठीचा बऱ्यापैकी मोठा तुकडा ताबडतोब गोठवायचा, दळायचा आणि किरणोत्सारी इस्ट्रोजेनने मोजायचा. दळल्यावर एकूण ग्राही किती हे कळे, ते कोणत्या पेशीत होते हे कळत नसे. ग्राहीविरुद्ध प्रतिपिंड हाती आला, तर पेशी न फोडता तो जागच्या जागी पाहता आला असता. आता यातली गोम अशी की, हा ग्राही पेशीत अत्यल्प असतो आणि तो शुद्ध मिळवणे महाकठीण. अशुद्ध मिश्रण प्राण्याला टोचले, तर जुन्या पद्धतीने मिळणाऱ्या सीरममध्ये असंख्य भलत्यासलत्या प्रतिपिंडांची खिचडी होते. शिवाय तो प्राणी मेला की साठा संपला. हायब्रिडोमाने नेमकी हीच अडचण दूर केली. टोचलेला पदार्थ पूर्ण शुद्ध नसला तरी चालते. हजारो संकरित पेशींमधून आपल्याला हवा तो प्रतिपिंड बनवणारी एक निवडायची, की निवडीनेच शुद्धता साधते. आणि तो वंश गोठवून ठेवला, तर साठा कधी संपत नाही.

१९८० मध्ये जेफ्री ग्रीन, जेन्सन आणि सहकाऱ्यांनी मानवी इस्ट्रोजेन ग्राहीविरुद्ध मोनोक्लोनल प्रतिपिंड तयार केल्याचे जाहीर केले. ग्राही मिळवला होता 'एमसीएफ-७' या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशीवंशातून. योग्य प्रतिपिंड ओळखायला जेन्सन यांचे जुने हत्यारच कामी आले. जो किरणोत्सारी इस्ट्रोजेन धारण केलेल्या ग्राहीला पकडेल, तो खरा.

या प्रतिपिंडाने पहिला धक्का दिला तो शास्त्रज्ञांनाच. ग्राही पेशीद्रवात वाट पाहत असतो आणि संप्रेरक भेटल्यावरच केंद्रकात शिरतो, असे जेन्सन यांच्या आणि विस्कॉन्सिनच्या जॅक गोर्स्की यांच्या गटांनी १९६८ मध्ये मांडले होते. पाठ्यपुस्तकांतही तेच होते. १९८४ मध्ये किंग आणि ग्रीन यांनी नव्या प्रतिपिंडांनी पेशी रंगवून पाहिल्या, तेव्हा संप्रेरक असो वा नसो, ग्राही केंद्रकातच दिसला. 'नेचर'च्या त्याच अंकात गोर्स्की यांच्या गटानेही वेगळ्या प्रयोगातून तोच निष्कर्ष काढला. पेशी दळताना ग्राही केंद्रकातून निसटत होता आणि पाहणाऱ्यांची फसगत होत होती. दोन्ही प्रयोगशाळांनी आपलाच सिद्धान्त आपणच मोडीत काढावा, ही विज्ञानातली विरळा घटना म्हणायला हवी. अर्थात सगळ्याच ग्राहींची तऱ्हा अशी नाही. कॉर्टिसोलचा ग्राही खरोखरच पेशीद्रवात थांबतो. पुढे याच प्रतिपिंडांचे बोट धरून इस्ट्रोजेन ग्राहीचे जनुक सापडले आणि १९८६ मध्ये त्याची संपूर्ण रचना प्रसिद्ध झाली. केंद्रकीय ग्राहींचे एक मोठे कुळच मग उजेडात आले. माणसात त्याचे ४८ सदस्य आहेत. १९९० च्या दशकात मेणात जतन केलेल्या कापांवरही चालणारे प्रतिपिंड मिळाले आणि किरणोत्सारी चाचणी मागे पडली.

या साऱ्यात मिलस्टाइन यांचा प्रत्यक्ष हात नव्हता. त्यांच्या प्रयोगशाळेतून इंटरफेरॉनविरुद्धचा आणि मेंदूतील 'सबस्टन्स पी'विरुद्धचा प्रतिपिंड निघाला, रक्तगट तपासणीसाठीच्या प्रतिपिंडांवर काम झाले. बाकीचे जग आपापल्या वाटेने गेले. १९८४ मध्ये येर्ने, कोहलर आणि मिलस्टाइन यांना वैद्यकाचे नोबेल मिळाले. कोहलर पुढे फ्रायबुर्गच्या माक्स प्लांक संस्थेचा संचालक झाला, पण १ मार्च १९९५ रोजी अवघ्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी हृदयविकाराने गेला. मोनोक्लोनल प्रतिपिंडाचे पहिले औषध १९८६ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि २०२१ मध्ये तेथील मान्यताप्राप्त प्रतिपिंड-औषधांची संख्या शंभरावर पोहोचली. त्यांतील मोठ्या नफ्याची औषधे मिलस्टाइन यांच्या हयातीतच बाजारात येऊ लागली होती.

स्वतः मिलस्टाइन मात्र नोबेलनंतर आपल्या जुन्या कोड्याकडे परतले. हायब्रिडोमा हे त्यांच्या लेखी त्यासाठीच घडवलेले अवजार होते. लस टोचल्यानंतर पहिल्या आठवड्यात, दुसऱ्या आठवड्यात, दुसऱ्यांदा टोचल्यावर, अशा क्रमाने उंदरांच्या पेशींपासून संकरित वंश बनवायचे आणि प्रतिपिंडांच्या जनुकांचे क्रम एकमेकांशी ताडून पाहायचे. त्यातून बदल साचत जातात आणि प्रतिपिंडाची पकड घट्ट होत जाते, हे स्पष्ट झाले. १९६६ ची कल्पना बरीचशी खरी ठरत होती. चुका कोण घडवतो हे मात्र कळत नव्हते. १९९५ मध्ये ते नियमानुसार निवृत्त झाले, त्याच वर्षी ब्रिटनने त्यांना 'कम्पॅनियन ऑफ ऑनर' हा सन्मान दिला. प्रयोगशाळेत येणे त्यांनी थांबवले नाही.

२४ मार्च २००२ रोजी केंब्रिज येथे वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मिलस्टाइन यांचे निधन झाले. जपानमध्ये तासुकु होंजो यांच्या गटाने १९९९ मध्ये 'एड' नावाचे एक विकर शोधले होते आणि त्याच्यावाचून प्रतिपिंडाच्या जनुकात बदल होत नाहीत, एवढे दिसून आले होते. ते नेमके काय करते यावर वाद चालू होता. जुलै २००२ मध्ये मिलस्टाइन यांचे केंब्रिजमधील सहकारी मायकेल न्यूबर्गर यांच्या गटाने 'नेचर'मध्ये दाखवून दिले की, हे विकर डीएनएमधील सायटोसिन या अक्षराचे रूप थेट बदलते; आणि तो बदल दुरुस्त करतानाच पेशी पुढच्या चुका करते.